क्ष = क्ष + १ : एका ‘खोट्या’ समीकरणाची खरी गोष्ट

#थ्रेड #इतिहास #संगणक

१/
सातवी-आठवीतल्या कोणत्याही विद्यार्थ्यासमोर ‘क्ष = क्ष + १’ असे लिहून ठेवा. तो क्षणभर विचार करील आणि सांगेल की हे अशक्य आहे. दोन्ही बाजूंतून क्ष वजा केला, तर ० = १ उरते. गणिताच्या दृष्टीने त्याचे म्हणणे निर्विवाद आहे.

तरीही गेली साठ-सत्तर वर्षे जगातला जवळजवळ प्रत्येक संगणक हे वाक्य विनातक्रार पाळत आला आहे. बँकेतील शिल्लक, रेल्वेचे आरक्षण, खेळातील गुण, सर्वत्र हेच वाक्य या ना त्या रूपात चालते. मग खोटे कोण? गणित की संगणक?

२/
या प्रश्नाचे उत्तर एका छोट्या इंग्रजी शब्दात दडलेले आहे. तो शब्द म्हणजे ‘लेट’. १९६४ साली अमेरिकेतील दोन गणिताच्या प्राध्यापकांनी तो आपल्या नव्या भाषेत प्रत्येक किंमत-देणाऱ्या ओळीच्या आरंभी सक्तीने बसवला. पुढे तो काढून टाकण्यात आला. आणि तो गेल्यावर काय काय घडले, हाच आजच्या थ्रेडचा विषय.

(मूळ आज्ञा रोमन लिपीत असत. येथे त्या देवनागरीत लिहिल्या आहेत.)

३/
प्रथम चिन्हाचा जन्म पाहू. ‘=’ हे चिन्ह छापील पुस्तकात प्रथम आणले वेल्समध्ये जन्मलेल्या रॉबर्ट रेकॉर्ड यांनी, १५५७ साली, आपल्या ‘द व्हेटस्टोन ऑफ विट’ या ग्रंथात. ‘च्या बरोबर आहे’ हे शब्द पुनःपुन्हा लिहिण्याचा त्यांना कंटाळा आला होता. म्हणून त्यांनी सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा घेतल्या. दोन जुळ्या रेघांहून अधिक समान असे दुसरे काय असणार, हा त्यांचा युक्तिवाद होता. पुढच्याच वर्षी कर्जापायी तुरुंगात असताना त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे चिन्ह मात्र जगभर गेले.

या चिन्हाचा अर्थ लक्षात ठेवा : ते एक विधान आहे. डावे आणि उजवे समान ‘आहे’. त्यात काही ‘करायचे’ नाही.

४/
आता ‘क्ष’कडे वळू. बीजगणितातला क्ष म्हणजे अज्ञात राशी. आपल्याकडे भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात पहिल्या अज्ञाताला ‘यावत्तावत्’ म्हणजे ‘जितके असेल तितके’ असे नाव आहे आणि पुढच्या अज्ञातांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे आहेत.

यावत्तावत् आपल्याला ठाऊक नसते, पण त्याची किंमत ठरलेली असते. गणित सुटेपर्यंत ती बदलत नाही. पहिल्या ओळीतला क्ष आणि दहाव्या ओळीतला क्ष एकच. बीजगणितात काळ वाहत नाही.

५/
संगणकात मात्र काळ वाहतो. यंत्राच्या स्मृतीत क्रमांक दिलेल्या जागा असतात. एका जागी आत्ता ५ आहे, क्षणभराने तेथेच ६ असेल. गणित शिकलेल्या माणसाला ही गोष्ट लिहून दाखवण्यासाठी चिन्हच उपलब्ध नव्हते, कारण गणिताला त्याची गरज कधी भासली नव्हती.

ही उणीव फार लवकर ओळखणाऱ्यांपैकी एक होते जर्मन अभियंते कॉन्राड झूज. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आपले झेड-४ हे यंत्र घेऊन ते बव्हेरियातील डोंगराळ भागात गेले. यंत्र बाजूला ठेवून १९४५ मध्ये त्यांनी ‘प्लानकाल्क्यूल’ नावाची भाषा कागदावर आखली. तिच्यात बरोबरच्या चिन्हाऐवजी बाणासारखे चिन्ह होते : ‘झेड + १ ⇒ झेड’. डावीकडचे गणित करा, आलेले उत्तर उजवीकडच्या जागी ठेवा. दिशा आली आणि दिशेबरोबर काळही आला.

६/
झूज यांचे काम दीर्घकाळ फारसे कोणाच्या हाती पोहोचले नाही. त्यांचा संपूर्ण आराखडा छापून आला तो १९७२ साली. दरम्यान अमेरिकेत आयबीएम कंपनीत जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ मध्ये ‘फोरट्रान’ ही भाषा प्रत्यक्ष चालती केली. फोरट्रानचे प्रोग्रॅम छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवर जात. त्या यंत्रांचा अक्षरसंच तोकडा होता आणि त्यात बाण नव्हता. ‘=’ होते.

फोरट्रानने तेच घेतले. तिच्या माहितीपुस्तिकेला मात्र खुलासा करावा लागला की येथे या चिन्हाचा अर्थ ‘समान आहे’ असा नसून ‘च्या जागी हे ठेवावे’ असा आहे. रेकॉर्ड यांच्या चिन्हाला चारशे वर्षांनी दुसरा अर्थ चिकटला तो येथे.

७/
एक बारकावा येथे नोंदवायला हवा. त्या पहिल्या फोरट्रानमध्ये ‘=’ला प्रतिस्पर्धी नव्हता. दोन संख्या समान आहेत का, हे तपासणारे चिन्हच तिच्यात नव्हते. वजाबाकी करायची आणि उत्तर ऋण, शून्य की धन यावरून तीन वाटांपैकी एक धरायची, अशी रीत होती. त्यामुळे ‘=’चा अर्थ वेगळा असला तरी तो एकच होता. गोंधळ व्हायचा तो माणसाच्या मनात व्हायचा, भाषेत नाही.

८/
१९५८ साली झुरिक येथे युरोपीय आणि अमेरिकी तज्ज्ञ एका आंतरराष्ट्रीय भाषेची आखणी करण्यासाठी जमले. तीच पुढे ‘अल्गोल’ म्हणून प्रसिद्ध झाली. युरोपीय मंडळींचा कल झूज-पद्धतीच्या बाणाकडे होता. अमेरिकी मंडळींना फोरट्रानप्रमाणे चल डाव्या बाजूला हवा होता. तडजोड म्हणून ‘:=’ हे जोडचिन्ह आले. दोन टिंबांमुळे डावी-उजवी बाजू वेगळी दिसते आणि ‘=’ला त्याचा मूळ, गणिती अर्थ परत मिळतो.

तज्ज्ञांच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता. पण तज्ज्ञ नसलेल्यांचे काय?

९/
आता न्यू हॅम्पशायर राज्यातील हॅनोव्हर या लहानशा गावी जाऊ. तेथे डार्टमथ कॉलेज आहे. गणित विभागाचे प्रमुख जॉन केमेनी हे बुडापेस्टमध्ये १९२६ साली जन्मले. ज्यू कुटुंब, १९४० मध्ये अमेरिकेत आले. तरुणपणी त्यांनी लॉस आलामोसच्या अणुप्रकल्पात आकडेमोडीचे काम केले आणि पुढे प्रिन्स्टनमध्ये काही काळ आइनस्टाइन यांचे गणिती साहाय्यक म्हणून. त्यांचे सहकारी थॉमस कुर्ट्झ, जन्म १९२८, संख्याशास्त्राचे अभ्यासक.

१०/
१९५०च्या दशकात बराच काळ डार्टमथकडे स्वतःचा संगणक नव्हता. कुर्ट्झ छिद्रित पत्त्यांची पेटी घेऊन रेल्वेने बोस्टनकडे जात आणि एमआयटीतील आयबीएम ७०४ यंत्रावर ते पत्ते चालवून घेत. यंत्राचा वेळ वाचावा म्हणून जाणकारांच्या सल्ल्याने त्यांनी एक प्रोग्रॅम यंत्राच्या जवळच्या, अवघड सांकेतिक भाषेत लिहिला. चुका सुधारण्यात महिने गेले, यंत्राचा सुमारे तासभर वेळ खर्ची पडला आणि उत्तर मिळालेच नाही. अखेर त्यांनी तेच काम फोरट्रानमध्ये लिहिले. यंत्राला सुमारे पाच मिनिटे लागली.

कुर्ट्झ यांनी घेतलेला धडा साधा होता : माणसाचा वेळ यंत्राच्या वेळेइतकाच मोलाचा आहे.

११/
डार्टमथच्या विद्यार्थ्यांपैकी जेमतेम चौथा हिस्सा विज्ञान-अभियांत्रिकीचा होता. उरलेले इतिहास, साहित्य, अर्थशास्त्र, समाजशास्त्र शिकणारे. केमेनी आणि कुर्ट्झ यांचे म्हणणे असे, की उद्याचे निर्णय घेणारे पुष्कळ लोक या उरलेल्यांतूनच येणार आहेत. त्यांना संगणक म्हणजे काय हे हाताने अनुभवता आले पाहिजे. संगणक ग्रंथालयासारखा असावा, कोणीही यावे आणि वापरावे.

फोरट्रान आणि अल्गोल या दोन्ही भाषा अशा विद्यार्थ्यासाठी अवघड ठरत होत्या. म्हणून दोघांनी नवी भाषा केली : बेसिक. यंत्राचा वेळ अनेकांत वाटून देणारी व्यवस्था उभारण्याच्या कामात पदवीपूर्व वर्गातील विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. १ मे १९६४ रोजी पहाटे ४ वाजता, कॉलेज हॉलच्या तळघरात, जनरल इलेक्ट्रिकच्या यंत्रावर बेसिकचे पहिले प्रोग्रॅम चालले.

१२/
पहिल्या बेसिकमध्ये अवघी १४ विधाने होती. प्रत्येक ओळीला क्रमांक आणि क्रमांकानंतर लगेच एक इंग्रजी शब्द : प्रिंट, रीड, इफ, फॉर, गोटू, एंड. हा नियम अपवादाविना होता. त्यामुळे ओळ वाचू लागताच तिचे काम कोणते, हे माणसालाही कळे आणि कंपाइलरलाही.

किंमत देण्याच्या ओळीला मिळालेला शब्द म्हणजे ‘लेट’ :

१० लेट एक्स = ५
२० लेट एक्स = एक्स + १

१३/
हा शब्द गणिताच्या वर्गातून उचललेला आहे. इंग्रजी पुस्तकातील सिद्धता ‘लेट’ने सुरू होते, जशी आपल्याकडची ‘समजा’ने : समजा, मुलाचे आजचे वय क्ष वर्षे आहे.

पण बेसिकच्या माहितीपुस्तिकेने लगेच स्पष्ट केले, की ही ओळ म्हणजे बीजगणितातील समानतेचे विधान नव्हे. ती संगणकाला दिलेली आज्ञा आहे : उजवीकडचे गणित कर आणि उत्तर डावीकडच्या चलाला दे. म्हणजे वरची विसावी ओळ वाचायची ती अशी : ‘एक्सची आत्ताची किंमत घे, तीत १ मिळव आणि आलेली संख्या ही एक्सची नवी किंमत मान.’ आता सातवीच्या विद्यार्थ्याचा आक्षेप उरत नाही. दोन एक्स आहेत : उजवीकडचा आधीचा, डावीकडचा नंतरचा.

१४/
‘लेट’ची खरी गरज मात्र दुसऱ्या एका ओळीमुळे होती :

३० इफ एक्स = ६ देन ५०

येथे तेच ‘=’ प्रश्न विचारते : एक्स ६ आहे का? म्हणजे फोरट्रानमध्ये जे एकट्याचे होते, ते चिन्ह बेसिकमध्ये दोन कामांना जुंपले गेले. नवशिक्याला ‘:=’ शिकवायचे नाही, नवे चिन्ह लादायचे नाही, पण गोंधळही होऊ द्यायचा नाही. उपाय असा, की चिन्ह एकच ठेवायचे आणि भेद ओळीच्या पहिल्या शब्दाने करायचा. ‘लेट’ दिसले तर आज्ञा, ‘इफ’ दिसले तर प्रश्न.

(गंमत म्हणजे डार्टमथच्या टेलिटाइपवर ‘←’ हा बाण होता. पण तेथे त्याचे काम होते चुकून टंकलेले शेवटचे अक्षर खोडण्याचे!)

१५/
चलांची नावेही अशीच काटकसरीने ठरवली होती. एक अक्षर, किंवा एक अक्षर आणि त्यापुढे एक अंक : ए, बी, एक्स, ए१, बी७. म्हणजे २६ अक्षरे आणि २६ गुणिले १० जोड्या, एकूण २८६ नावे. आधी जाहीर करायचे नाही, पूर्णांक की दशांश हे सांगायचे नाही. फोरट्रानमध्ये नावाचे पहिले अक्षर आय ते एन यांपैकी असेल तर संख्या पूर्णांक, एरवी दशांश, असा नियम होता. बेसिकमध्ये संख्या ती संख्या. इतिहासाच्या विद्यार्थ्याने यंत्राच्या पोटातले प्रकारभेद का पाठ करावेत?

१६/
आता एक छोटा प्रोग्रॅम स्वतः चालवून पाहू. कागद-पेन्सिल पुरे.

१० लेट एस = ०
२० लेट एन = १
३० लेट एस = एस + एन
४० लेट एन = एन + १
५० इफ एन <= ५ देन ३०
६० प्रिंट एस
७० एंड

एसच्या किमती क्रमाने : ०, १, ३, ६, १०, १५. एन ६ झाला की पन्नासाव्या ओळीतील प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ येते आणि १५ छापले जातात. १ ते ५ची बेरीज.

१७/
आता ३० आणि ४० या ओळींतील मजकुरांची अदलाबदल करा. आधी एन वाढवा, मग एसमध्ये मिळवा. उत्तर २० येते, कारण बेरीज २ ते ६ची होते.

बीजगणितात दोन समीकरणे कोणत्याही क्रमाने लिहिली तरी उत्तर बदलत नाही. येथे बदलते. ‘लेट’ची ओळ हे सत्याचे विधान नसून कालक्रमातील एक घटना आहे, याचा याहून सोपा पुरावा नाही. इतिहासाच्या अभ्यासकांना हे निराळे सांगायला नको : घटना त्याच, क्रम बदलला की परिणाम बदलतो.

१८/
चल म्हणजे डबा, असे पुष्कळदा शिकवले जाते. ही उपमा थोडी फसवी आहे. ‘लेट ए = बी’ म्हटल्यावर बीचा डबा रिकामा होत नाही. पाटीची उपमा अधिक नेमकी : बीच्या पाटीवरचे वाचायचे, एच्या पाटीवरचे पुसायचे आणि वाचलेले तेथे लिहायचे. बीची पाटी तशीच राहते, एवरचे जुने मात्र कायमचे जाते.

म्हणूनच दोन चलांच्या किमती बदलून घ्यायच्या तर

१० लेट ए = बी
२० लेट बी = ए

असे करून भागत नाही. पहिल्याच ओळीत एची जुनी किंमत पुसली गेली. आता दोन्ही पाट्यांवर बीच आहे. एका वाटीत दूध, दुसरीत ताक आणि दोन्ही बदलायचे, तर तिसरी वाटी लागते. येथे तिसरी पाटी : लेट टी = ए, लेट ए = बी, लेट बी = टी.

१९/
पुढे १९७५ साली चित्र पालटले. आल्टेअर नावाचा घरगुती संगणक आला आणि बिल गेट्स, पॉल ॲलन व मॉन्टी डेव्हिडॉफ यांनी त्याच्यासाठी बेसिक लिहिले. त्याची लहान आवृत्ती ४ किलोबाइट स्मृतीच्या यंत्रासाठी होती. अशा ठिकाणी एकेका बाइटला मोल येते. तेथे ‘लेट’ ऐच्छिक झाले. ओळ कोणत्याही आज्ञाशब्दाने सुरू झाली नाही, तर ती किंमत देण्याचीच ओळ आहे असे यंत्राने गृहीत धरायचे. ‘एक्स = एक्स + १’ एवढेच पुरे. बाइट वाचला, बोटांचे श्रम वाचले आणि प्राध्यापकांचा इशारा गळून पडला.

२०/
त्याचे काही परिणाम मजेशीर होते. मायक्रोसॉफ्टच्या बेसिकमध्ये ‘ए = बी = सी’ लिहिले तर पहिले ‘=’ किंमत देते आणि दुसरे प्रश्न विचारते. बी आणि सी समान असतील तर एमध्ये -१ जातो, नसतील तर ०. एकाच ओळीत तेच चिन्ह दोन अर्थांनी!

नावे लांब लिहिता येत, पण कमोडोर ६४सारख्या यंत्रांवर पहिली दोनच अक्षरे मोजली जात. म्हणजे ‘राम’ आणि ‘राजा’ ही रोमन लिपीतील नावे यंत्राला एकच : आर-ए. एकाला दिलेली किंमत गुपचूप दुसऱ्याची व्हायची. आणि ‘स्कोअर’ हे नाव तर चालतच नसे, कारण त्याच्या स्पेलिंगच्या मध्यभागी ‘ऑर’ हा आज्ञाशब्द लपलेला होता.

याउलट ब्रिटनमधील १९८२च्या झेडएक्स स्पेक्ट्रमवर ‘लेट’ सक्तीचेच राहिले. तेथे ओळीच्या आरंभी ‘एल’ची कळ दाबली की पूर्ण शब्द उमटत असे.

२१/
भारतातही बेसिक शाळेच्या वाटेने आले. १९८४ मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पात निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. त्यांची भाषा बेसिक होती आणि तिच्यात ‘लेट’ ऐच्छिक होते. पुढे जीडब्ल्यू-बेसिक आणि क्यूबेसिक घेऊन आपल्या आधीच्या पिढीतील अनेकांनी संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढून पहिली ओळ टंकली. ती ओळ ‘लेट’ने सुरू होत होती का, हे घरातल्या मोठ्यांना जरूर विचारा.

२२/
बेसिकबाहेर काय चालले होते? बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांनी ‘बी’ भाषेत किंमत देण्यासाठी ‘=’ आणि तुलनेसाठी ‘==’ घेतले. कारण व्यवहारी होते : प्रोग्रॅममध्ये तुलनेपेक्षा किंमत देण्याचे प्रसंग सुमारे दुप्पट, म्हणून त्याचे चिन्ह निम्म्या लांबीचे. डेनिस रिची यांच्या ‘सी’ने तोच वारसा चालवला आणि सीकडून तो जावा, जावास्क्रिप्ट, पायथन यांच्याकडे आला.

निकलाउस विर्ट यांनी १९७०च्या पास्कलमध्ये ‘:=’ जपले आणि ‘=’चा हा वापर चुकीचा आहे, हे ते उतारवयातही सांगत राहिले. पण बहुमत दुसरीकडे गेले होते.

२३/
सीमध्ये मग एक नवे संकट आले. ‘इफ’च्या कंसात दोनऐवजी एकच ‘=’ पडले, तर यंत्र प्रश्न विचारत नाही; ते किंमत बदलून मोकळे होते. बेसिकमध्ये हे शक्यच नव्हते, कारण ‘इफ’नंतर ‘=’ म्हणजे तुलनाच.

नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्सच्या मूळ प्रोग्रॅमच्या एका प्रतीत कोणीतरी चोरून दोन ओळी घुसवल्या. वरवर पाहता त्या वापरकर्त्याचा क्रमांक शून्य आहे का, हे तपासत होत्या. लिनक्समध्ये शून्य क्रमांक म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी. पण चिन्ह ‘==’ नव्हते, ‘=’ होते. म्हणजे ती ओळ तपासत नव्हती, तर वापरकर्त्याला सर्वाधिकारी करून टाकत होती. मूळ प्रतीशी मेळ बसेना म्हणून घुसखोरी उघडी पडली आणि ती अधिकृत लिनक्समध्ये शिरली नाही. एका आडव्या जोडरेघेचा फरक!

२४/
वाद अजूनही शमलेला नाही. २०१८ साली पायथनमध्ये ‘:=’ हे चिन्ह एका मर्यादित उपयोगासाठी आणण्याचा प्रस्ताव आला. त्यावर इतकी कडवट चर्चा झाली, की तो मंजूर केल्यावर पायथनचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी भाषेच्या नेतृत्वावरूनच निवृत्ती पत्करली. झुरिकची तडजोड साठ वर्षांनी पुन्हा दारात उभी होती.

आणि ‘लेट’? तो शब्दही परतला आहे, पण निरनिराळ्या अर्थांनी. जावास्क्रिप्टमध्ये ‘लेट’ने नाव जाहीर होते आणि किंमत पुढे बदलता येते. स्विफ्टमध्ये मात्र ‘लेट’ने दिलेली किंमत कधीच बदलता येत नाही. म्हणजे तो पुन्हा गणिताच्या ‘समजा’जवळ आला, बेसिकच्या नेमका उलट.

२५/
केमेनी आणि कुर्ट्झ यांना आपल्या भाषेची बाजारातली रूपे पसंत नव्हती. १९८५ मध्ये त्यांनी ‘ट्रू बेसिक’ ही सुधारित भाषा आणली. तोवर स्मृतीची टंचाई सरली होती, भाषेतून जुन्या ओळ-क्रमांकांची सक्ती गेली होती. पण ‘लेट’ त्यांनी ठेवले. ज्याला नकोच असेल त्याने तसे आरंभी स्पष्ट लिहून सूट घ्यावी, अशी सोय केली. केमेनी १९९२ साली वारले, कुर्ट्झ नोव्हेंबर २०२४ मध्ये.

२६/
आज विचार करता ‘लेट’ अनावश्यक होते असे म्हणणे सोपे आहे. यंत्राला त्याची गरज नव्हती, हे आल्टेअरने सिद्ध केले. सरावलेल्या प्रोग्रॅमरलाही ती नव्हती. ती होती फक्त एका माणसाला : जो प्रथमच यंत्रासमोर बसला आहे, ज्याने शाळेत ‘=’चा एकच अर्थ शिकला आहे आणि ‘एक्स = एक्स + १’ पाहून ज्याला वाटते की हे आपल्या डोक्यापलीकडचे आहे. त्याचे डोके ठीक आहे, त्याचा आक्षेप बिनतोड आहे, फक्त येथे चिन्हाचा अर्थ बदलला आहे. एवढे सांगण्यासाठी दोन प्राध्यापकांनी प्रत्येक ओळीत तीन अक्षरे खर्च केली.

म्हणून पहिल्या पोस्टमधल्या प्रश्नाचे उत्तर : खोटे कोणीच नाही. गणित ‘आहे’ म्हणते, संगणक ‘होवो’ म्हणतो.

पुढच्या वेळी एखादे लहान भावंड ‘क्ष = क्ष + १’वर अडले, तर त्याला वेडे ठरवू नका. ‘समजा’पासून सुरुवात करा.

थ्रेड आवडला तर पुढे पाठवा. आणि आपली पहिली बेसिक ओळ कोणती होती, ते खाली नक्की लिहा.